मोडक्या दांड्याचें धनुष्य

लांकडी धनुष्य घडविणाऱ्या कारागिरास सर्वांत भय वाटतें तें दांडा मोडल्याच्या आवाजाचें. वर्ष-दोन वर्षें सावलींत सुकविलेलें लांकूड, त्यावर रंधा व कानस यांनीं केलेलें कित्येक दिवसांचें काम, आणि वांक पाहण्यासाठीं दोरी ओढतांच 'कड्' असा आवाज! रामायणांतील शिवधनुष्य भंगल्यावर तें पुन्हां जोडण्याचा विचार कोणी केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. इंग्लंड-अमेरिकेंतील धनुष्यकारांस मात्र तो करावा लागला, कारण चांगलें लांकूड तेथें दुर्मिळ होतें.

इंग्रजांचें प्रसिद्ध दीर्घधनुष्य यू नांवाच्या वृक्षाचें असे. सरळ दांडे स्वदेशीं पुरेसे मिळेनात, म्हणून १४७२ सालीं कायदा करून, जेथून असे दांडे येत तेथील व्यापारी जहाजांनीं दर टन मालामागें चार दांडे आणलेच पाहिजेत, असें ठरविण्यांत आलें. १५४५ सालीं बुडालेल्या 'मेरी रोझ' या युद्धनौकेवरील शंभरांहून अधिक अखंड धनुष्यें पाणबुड्यांनीं वर काढलीं. तीं सहा फुटांहून लांब आहेत. गांठ नाहीं, पीळ नाहीं असें एवढें लांब लांकूड एका झाडांत कितीसें निघणार?

मोडलेला दांडा हातीं घेतला कीं तो कसा मोडला हें प्रथम पहावें. धनुष्य ओढलें असतां त्याची समोरची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते, आणि आपल्याकडील बाजू, म्हणजे पोट, दाबलें जातें. पाठीवरील तंतू तासतांना कोठें कापला गेला असेल तर तेथून ढलपी उठते. ती लहान असल्यास तिच्याखालीं सरस भरून वर दोरा घट्ट गुंडाळावा. लांकूड पुन्हां कामास येतें. सुकतांना पडलेली उभी भेग तर त्याहूनही निरुपद्रवी. ती कडेस बाहेर पडत नसेल तर चिंता नको. पोटावर उमटलेली आडवी रेघ मात्र कितीही बारीक दिसो, तिच्यावर विश्वास ठेवूं नये. तेथील तंतू चिरडलेले असतात, आणि चिरडलेला तंतू सरसानें बरा होत नाहीं.

एक बाहूच तुटला तर? धनुष्य मुठीपाशीं जाड असतें व तेथें जवळजवळ वांकतच नाहीं. सांधा घालण्यास तेवढीच जागा सुरक्षित. म्हणून तुटका बाहू मुठींत करवतीनें कापून काढावा आणि शाबूत बाहूस दुसऱ्या अर्ध्या दांड्याची जोड द्यावी. आडव्या कापावर सरस नीट धरत नाहीं. याकरितां एका तुकड्यांत माशाच्या शेपटीसारखी सुमारें चार इंच खोल खांच घेतात व दुसऱ्याचें टोंक तींत नेमकें बसेल असें कापतात. मग तंतूंच्या कडा एकमेकींस लांबवर भिडतात. जोडीदार शक्यतों त्याच झाडाचा, तशाच वलयांचा असावा. पत्रिका जुळवितांना करतों तितकी चिकित्सा येथेंही करावी. एक बाहू दुबळा निघाला तर सारा वांक त्याच्यावर येतो.

यांत कमीपणा कांहींच नाहीं. सॅक्स्टन पोप या अमेरिकन शस्त्रवैद्यानें १९२३ सालच्या आपल्या धनुर्विद्येवरील ग्रंथांत दोन तुकडे सांधण्याची कृति मुद्दाम दिली आहे. ही विद्या तो ज्याच्यापासून शिकला तो इशी, याही जमातीचा शेवटचा पुरुष, १९११ सालीं कॅलिफोर्नियांत प्रकट झाला व १९१६ सालीं क्षयानें वारला. इशी धनुष्याच्या पाठीवर जनावराचे स्नायुतंतू सरसानें चिकटवीत असे. त्यामुळें ढलपी उठण्याचें भय उरत नाहीं. संशयित दांड्यास हा उपाय आम्हांस सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

दांडा अगदीं टोंकाशीं मोडला असेल तर दोन्ही टोंकें सारखीं कापून मुलांसाठीं आखूड धनुष्य करावें. परंतु आखूड झालेलें लांकूड ताठ होतें. तें पुन्हां तासून हलकें केल्यावांचून मुलांच्या हातीं देऊं नये. आणि सांधलेलें धनुष्य, तें कोणाचेंही असो, प्रथम हातांत धरून ओढूं नये. मूठ भिंतीवरील खुंटीस पक्की बांधावी, धनुष्याच्या दोरीस दुसरी लांब दोरी अडकवून ती खालच्या कप्पींतून आपल्याकडे घ्यावी, आणि दूर उभें राहून दर वेळीं इंचभर अधिक अशी हळूहळू ओढावी. सांधा बोलणार असेल तर तो तेथेंच बोलतो, तोंडासमोर नव्हे.