नकाशावर आपली वस्ती आहे का?

शाळा, दवाखाना, रस्ता कुठे होणार हे विकास आराखडा ठरवतो. त्यात वस्तीची नोंदच नसेल, तर उद्या तिलाच अतिक्रमण म्हटले जाते. महाराष्ट्रात १९६६च्या नगररचना कायद्यानुसार प्रारूप आराखड्यावर नागरिकांच्या हरकती-सूचना मागवाव्याच लागतात. मुंबईचा फेब्रुवारी २०१५चा प्रारूप आराखडा हजारो हरकतींनंतर एप्रिलमध्येच सरकारला फेरतयारीसाठी पाठवावा लागला. पण सूचनेची बोजड भाषा आणि मोजकी मुदत यांत मोलमजुरी करणाऱ्यांचे म्हणणे राहूनच जाते. घरातल्या पहिल्या पदवीधरांचे काम इथे सुरू होते. नकाशा मिळवा, समाजमंदिरात लावा. आयाबायांना विचारून नळ, शौचालये, स्मशानभूमी त्यावर दाखवा. सह्यांनिशी हरकत द्या, पोच घ्या, सुनावणीला सगळे मिळून जा.