धावपटूचे भाडे कोणी भरायचे?

१९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकसाठी वांद्र्याच्या तरुण धावपटू मेरी डिसोझा यांची निवड झाली. प्रवासखर्चाची तरतूद मात्र झाली नाही. वर्षभरापूर्वीच दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांनी २०० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले होते. अखेर मित्रमंडळींनी नृत्याचे कार्यक्रम आणि पत्त्यांचे डाव भरवून पैसे जमविले. त्याच ऑलिंपिकला खाशाबा जाधवांना धाडण्यासाठी कोल्हापुरात प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकले. स्वतंत्र राष्ट्राच्या प्रतिष्ठेचा खर्च असा लोकांच्या खिशातून निघाला! मेरी यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला तो २०१३ मध्ये, ६१ वर्षांनी. उशिराचा गौरवही स्वागतार्हच, परंतु त्यातून कोणाचे गेल्या काळातील भाडे भरले जात नाही.

वांद्र्याला निदान असा मित्रपरिवार तरी होता. वर्धा जिल्ह्यातील तळेगाव (श्यामजी पंत) येथील एखाद्या शेतमजुराच्या मुलीच्या पायांत तोच वेग असला, तर तिच्यासाठी पत्त्यांचा डाव कोण मांडणार? निवडीच्या पत्रासोबतच संपूर्ण खर्चाची हमी देण्याचे बंधन शासनावर कायद्याने घातले पाहिजे. ही मागणी कार्यकर्त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून लावून धरावी.