विश्लेषण : नुसती थांबणारी ‘स्लीप’ कमांड ५० वर्षांत का बदलत गेली?

सुपा (अहिल्यानगर) : यंत्रावरचे आकडे दर काही सेकंदांनी वाचायचे आणि सर्व्हरला पाठवायचे, एवढेच काम करणारा लहानसा लिनक्स संगणक सुप्यासारख्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कुठेतरी कोपऱ्यात चालू असू शकतो. दोन वाचनांमधला वेळ राखते ती ‘स्लीप’ ही कमांड. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या उबुंटू २५.१० मध्ये अशा मूलभूत कमांडचा जुना ग्नू संच बाजूला ठेवून रस्ट भाषेत नव्याने लिहिलेला संच देण्यात आला. त्यामुळे एरवी कोणी ढुंकूनही न पाहणाऱ्या या कमांडकडे पाहणे भाग आहे.

सुरुवात कशी झाली?

बेल लॅब्जच्या युनिक्समध्ये ही कमांड चौथ्या आवृत्तीत, म्हणजे १९७३ मध्ये आली. सांगितले तितके सेकंद थांबायचे आणि संपायचे. पुढे सातव्या आवृत्तीतही तिचा प्रोग्राम जेमतेम पानभर होता. एकेक अंक वाचायचा, आधीची संख्या दहाने गुणून त्यात तो मिळवायचा. अंकाखेरीज काही दिसले की तक्रार करून बाहेर पडायचे. अर्धा सेकंद सांगण्याची सोयच नव्हती. पाच मिनिटे हवी तर ३०० लिहायचे.

मग भर कशाची पडली?

ग्नूच्या ‘स्लीप’ने अपूर्णांक स्वीकारले, मिनिट-तास-दिवसांसाठी अक्षरे आणली, अनेक आकडे दिले तर त्यांची बेरीजही केली. कायमचे थांबायला ‘इन्फिनिटी’सुद्धा चालते. पॉझिक्स मानक मात्र आजही पूर्ण सेकंदांचीच हमी देते. (विंडोजवर तर ‘टाइमआउट’ येण्याआधी वेळ काढण्यासाठी लोक संगणकाला स्वतःलाच ‘पिंग’ करायला लावत.)

यात बिघडते काय?

खरी गोम इथे आहे. राउटर आणि छोट्या उपकरणांत बहुधा ‘बिझीबॉक्स’ असतो. त्यात अपूर्णांकांची सोय ठेवायची की नाही, हे तो तयार करणारा ठरवतो. ऑफिसच्या संगणकावर चाललेली ‘स्लीप ०.५’ ही ओळ तिथे नाकारली जाऊ शकते. पण कमांड फसली म्हणून स्क्रिप्ट थांबत नाही; शेल पुढच्या ओळीवर जातो. अर्ध्या सेकंदाने फिरायचे चक्र मग विनाथांबा फिरते, प्रोसेसर तापतो आणि सर्व्हरवर विनंत्यांचा मारा सुरू होतो. थांबवणारी कमांड फसल्याने धावपळ वाढते, हे चटकन लक्षातही येत नाही.

वीज आल्यावर सर्व्हर उठेपर्यंत ‘स्लीप ३०’ टाकण्याची सवयही अशीच अंगलट येते. एखाद्या दिवशी सर्व्हरला ४० सेकंद लागतात.

उबुंटूच्या बदलात ‘स्लीप’ नव्हे, ‘डेट’ अडखळली. फाइलची वेळ विचारणारा तिचा एक पर्याय नव्या संचात दुर्लक्षित राहिला आणि काही संगणकांवर अद्ययावत आवृत्त्यांची आपोआप होणारी तपासणीच बंद पडली. दुरुस्ती लगेच आली. कारखान्यांत सहसा दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या चालतात, त्यामुळे असे बदल तिथे उशिरा पोहोचतात. तोवर स्क्रिप्ट पाहून घेता येतील : शक्य तिथे पूर्ण सेकंद लिहावेत, ‘स्लीप’ फसली तर बाहेर पडण्याची अट जोडावी आणि ठरावीक वेळ थांबण्याऐवजी सर्व्हर उत्तर देतो का, हे दर दोन सेकंदांनी विचारावे.