गरिबाच्या पोरामागे कोण उभं राहणार?

'कौशल्य विकास' हा शब्द हल्ली प्रत्येक भाषणात असतो. पोरांना काहीतरी शिकवा, सर्टिफिकेट द्या, गरिबी हटली! इतकं सोपं असतं का हो?

इटलीतल्या तुरिन शहरात १८४१ पासून डॉन बॉस्को नावाचे एक तरुण पाद्री काम करत होते. खेड्यांतून आलेली पोरं तिथे पडेल ते काम करायची, काही तर तुरुंगात जाऊन पडायची. बॉस्कोंनी त्यांना निवारा दिला, शिकवलं. पण मला मोठी वाटते ती १८५१-५२ मधली गोष्ट. पोराला कामाला लावताना ते मालकाशी लेखी करार करायचे. मालकाने पोराला धंदाच शिकवायचा, घरगडी म्हणून राबवायचं नाही. चुकलं तर तोंडाने सांगायचं, हात उचलायचा नाही. सणावारी सुट्टी द्यायची, पगार ठरल्याप्रमाणे वाढवायचा. खाली मालकाची, पोराची आणि स्वतः बॉस्कोंची सही. पुढे १८५३ पासून त्यांनी शिवणकाम, बूट बनवणं, सुतारकाम, छपाई अशा स्वतःच्याच कार्यशाळा काढल्या. आपल्या कुर्ल्याचं डॉन बॉस्को आयटीआय याच परंपरेतलं.

आता आपल्याकडे बघा. गॅरेजमधलं पोरगं दोन-दोन वर्षं चहा आणतं, फडकं मारतं, शिव्या खातं. इंजिनाला हात लावायचा नाही! १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे, पण अशा गॅरेजपर्यंत तो पोचतो कुठे? २०२४ मध्ये सरकारने युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, आयटीआयवाल्याला महिना ८ हजार. मुदत संपली आणि 'आता पुढे काय?' म्हणत पोरं आंदोलनाला बसली.

कुणी म्हणेल, मिशनरी हे धर्मांतरासाठी करतात. मदतीच्या बदल्यात धर्म मागणं चूकच, त्यावर जरूर बोलू. पण करारावर सही करायला कुठला धर्म लागतो?

आपल्याकडे देवस्थानं आहेत, गणेश मंडळं आहेत, पतसंस्था आहेत. मंडळाच्या अध्यक्षाच्या शब्दाला बाजारपेठेत वजन असतं. ते वर्गणीपुरतंच कशाला? एका मंडळाने पाच पोरं घ्यावीत. गॅरेजवाला, वायरमन, फॅब्रिकेशनवाला यांच्याशी कागदावर ठरवावं: काय शिकवणार, किती देणार, कधीपर्यंत. आणि महिन्यातून एकदा जाऊन बघावं.

पैसेवाल्याच्या पोरामागे बाप असतो, ओळखी असतात. गरिबाच्या पोराला शिकवणारा एखादा मिळतोही, पण त्याच्या बाजूने मालकाशी बोलणारं कुणी नसतं. खरी गरिबी तिथे आहे.

तुमच्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढणार का? कमेंटमध्ये सांगा.