पिकाचा विमा काढला, माणसांचा?

जुलै महिना लागला की सेवा केंद्रावर सकाळपासून रांग लागते. सातबारा, पीकपेरा, पासबुक घेऊन शेतकरी उभा असतो. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा मिळू लागला तेव्हा तर रांगेला शेवटच नव्हता. ती सवलत २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. आता हप्ता भरावा लागतो, तरी पावसाचा भरवसा नाही हे ओळखून जाणते शेतकरी तो भरतात. पण याच घरात आजारपणासाठी सरकारने पाच लाखांपर्यंतचे उपचार विनामूल्य देऊ केलेले आहेत, त्याची कागदपत्रे तयार आहेत काय, असे विचारले की मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

आम्ही शेतकी खात्याची माणसे, दवाखान्याच्या गोष्टीत कशाला पडता, असे कुणी म्हणेल. पण शेताचा हिशेब पाहताना दवाखाना आडवा येतोच. काढणी होताच ओले सोयाबीन मिळेल त्या भावात का विकले, असे विचारावे तर उत्तर निघते, वडिलांना ॲडमिट केले होते. कपाशीला खताचा दुसरा हप्ता का दिला नाही? बायकोचे ऑपरेशन झाले. आधी दागिना जातो, मग बैलजोडी, आणि शेवटी बांधालगतचा एकर. किडीने जेवढे बुडत नाही तेवढे घर एका आजारपणात बुडते, आणि आमच्या शिफारशींच्या पत्रकात या किडीवर एक ओळही नसते.

योजना नवी नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये सर्व राज्याला, म्हणजे आपल्या बुलढाणा जिल्ह्यालाही लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. दरवर्षी कुटुंबाला दीड लाखापर्यंत उपचार, आणि तेही पिवळ्या व केशरी कार्डाला, असे तिचे स्वरूप होते. पांढऱ्या कार्डावर आपल्यासह चौदा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना तेवढी सातबारा दाखवून सवलत होती. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये पाच लाखांची आली, पण तिची यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीवरून केलेली. त्या वेळी ज्याचे घर पक्के दिसले तो बाहेर राहिला, मग पुढे त्याची विहीर आटो की बाग वाळो. १ जुलै २०२४ पासून मात्र राज्याने दोन्ही योजना एकत्र धरून पाच लाखांची मर्यादा सर्व कुटुंबांना लागू केली. पिवळे, केशरी, पांढरे, कोणतेही कार्ड चालते. कार्डच नसेल तर अधिवासाचा दाखला आहे. हप्ता तुमच्या खिशातून जात नाही. आजार आधीपासूनचा असला तरी अडत नाही.

मग अडते कुठे? माझ्या मते सर्वांत जास्त तालुक्याच्या गावी अडते. खेड्यात निदान ग्रामसभा आहे, आशाताई घरोघर फिरतात, रेशन दुकानदार प्रत्येकाला नावाने ओळखतो. मोठ्या शहरात दवाखाने आहेत. मोताळा, संग्रामपूर अशा ठिकाणी साधारण दहा वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. ग्रामसभा गेली आणि मोठा दवाखाना काही आला नाही. त्यात मुलांच्या शाळेसाठी खेड्यातून येऊन खोली करून राहिलेली शेतकरी कुटुंबे पुष्कळ. यांची जमीन गावाकडे, रेशनकार्ड गावाकडे, मतदान गावाकडे आणि माणसे इथे. गावातल्या शिबिरात ती नसतात, आणि इथल्या वॉर्डात त्यांची कोणी नोंद ठेवत नाही. आयुष्मान कार्डाची मोहीम दोन्हीकडून निघून जाते आणि यांच्या हाती काही लागत नाही.

दुसरी अडचण खुद्द रेशनकार्डाची. भावाभावांच्या वाटण्या होतात, सातबाऱ्यावर फेरफार होतो, पण कार्ड बापाच्या नावावर एकत्रच राहते. पाच लाख ही रक्कम कुटुंबाची आहे, माणशी नव्हे, हे इथे ध्यानात घ्यावे. तीन चुली एका कार्डावर असतील तर एका भावाच्या आजारपणात दुसऱ्याचा वाटा संपतो. सुनेचे नाव तर हमखास राहिलेले असते. "कार्ड हाय ना साहेब, पण सूनबाईचं नाव अजून तिच्या माहेरीच हाय," हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल! माहेरच्या तहसीलमधून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, मग इथे अर्ज द्यायचा. माहेर दुसऱ्या जिल्ह्यातले असले की हे काम 'दिवाळीला गेलो की करू' म्हणून मागे पडते, आणि दिवाळीला कचेरी बंद असते. लहान मुलांचेही तेच. शाळेत नाव घातले, आधार काढले, पण रेशनकार्डात घातलेच नाही.

तिसरी गोष्ट आधारवरच्या नावाची. कार्डावर 'भाऊराव', आधारवर 'भाऊ', जन्मसालाचा मेळ नाही. एवढ्यावर संगणक माणूस ओळखत नाही. तेव्हा रेशनकार्डाचा १२ अंकी ऑनलाइन क्रमांक निघतो का, त्यात घरातल्या प्रत्येकाचे नाव आहे का, आधारशी जुळते का आणि ई-केवायसी झाली का, एवढे पाहून घ्यावे. तूर निघाल्यानंतर उन्हाळवाहीपर्यंत सवड असते, हे काम त्याच दिवसांतले आहे. आयुष्मान कार्ड सेवा केंद्रात, आशाताईंकडे किंवा मोबाइलवरच्या ॲपमधून निघते. सरकारने त्याला शुल्क ठेवलेले नाही. कोणी दोनशे-तीनशे मागत असेल तर नाव विचारून ठेवा.

आता दवाखान्याच्या दारात काय करायचे ते. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचा टेबल असतो. पहिली भेट त्याची, बिलाच्या खिडकीची नव्हे. इथेच बहुतेकांची फसगत होते. रोगी घेऊन गेले, घाबरलेले असतात, अनामत रक्कम भरली, दोन दिवसांनी कोणीतरी सांगितले की इथे योजना आहे. ही योजना बिल भरून नंतर पैसे परत घेण्याची नव्हे, उपचाराला आधी मंजुरी घेण्याची आहे. म्हणून दाखल होतानाच 'आम्ही योजनेत आहोत' असे ठणकावून सांगावे. रोगी अत्यवस्थ असेल तर आरोग्यमित्राने फोनवर कळवून उपचार सुरू करण्याची तरतूद आहे, कागद मागून देता येतात. मंजूर उपचारात तपासण्या, औषधे, रुग्णाचे जेवण आणि सुटी झाल्यावर दहा दिवसांपर्यंतची औषधे व तपासणी धरलेली असते.

घाटाखालचा माणूस अकोल्याला धावतो, घाटावरचा छत्रपती संभाजीनगरला. गाडी ठरवण्याआधी १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या क्रमांकावर फोन करून विचारावे की अमुक रुग्णालय अमुक आजारासाठी योजनेत आहे काय. 'अमुक आजारासाठी' हे शब्द महत्त्वाचे, कारण हाडांसाठी योजनेत असलेले रुग्णालय हृदयासाठी असेलच असे नाही. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले आहेत. साधी ओपीडी, तापाच्या गोळ्या, सलाइन हे यात बसत नाही, आणि तालुक्याच्या गावी बहुतेक खर्च त्याच वाटेने जातो, हा योजनेचा मोठा दोष आहे असे मला वाटते. 'योजनेची खाट शिल्लक नाही' हे उत्तर तर सर्वांच्याच परिचयाचे. असे उत्तर मिळाले की वाद घालत बसू नये, तिथूनच वरच्या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

घरात सत्तरी ओलांडलेले कोणी असेल तर २९ ऑक्टोबर २०२४ पासून त्यांच्यासाठी वेगळे वयवंदना कार्ड आहे. उत्पन्नाची अट नाही, आणि त्यांचे पाच लाख कुटुंबाच्या पाच लाखांत धरले जात नाहीत. म्हाताऱ्या माणसांचे बोटांचे ठसे उमटत नाहीत, ही अडचण येते. तेव्हा आधारला मोबाइल क्रमांक जोडून घ्यावा. मुलगा खामगाव किंवा मलकापूरच्या एमआयडीसीत कामाला असेल आणि पगार २१ हजारांच्या आत असेल, तर ईएसआयचे कापले जाते का ते त्याला विचारा. त्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही उपचार मिळतात. ज्यांना झेपते त्यांनी खासगी पॉलिसीही घ्यावी. सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत आरोग्य विम्यावरचा जीएसटी उठला आहे. पण आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, हे एजंट शेवटी सांगतो, तुम्ही आधी विचारा.

एक घोटाळा मात्र आमच्याच खात्याशी संबंधित आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना हा दवाखान्याचा विमा नव्हे. अपघाती मृत्यू झाला तर दोन लाख आणि अपंगत्व आले तर त्याच्या प्रमाणात एक किंवा दोन लाख अनुदान मिळते, दवाखान्याचे बिल नाही. त्याचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत द्यायचा असतो. 'आमच्या सातबाऱ्यावर विमा आहेच' या समजुतीत राहणाऱ्यांनी हा फरक समजून घ्यावा.

राहता राहिले आम्ही नोकर. ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे, तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी. पाट्या बदलल्या, टेबल तेच आहेत. या टेबलांनी मिळून एक काम करावे. रेशन दुकानदाराच्या यादीशेजारी आशाताईंची यादी ठेवून ज्या घरांत एकाही माणसाचे आयुष्मान कार्ड नाही त्यांची नावे ग्रामसभेत वाचून दाखवावीत, गावाबाहेर राहायला गेलेल्यांचीसुद्धा. नगरपंचायतीला ग्रामसभा नाही, तर मुख्याधिकाऱ्यांनी आठवडी बाजाराच्या दिवशी नगरपंचायतीच्या ओट्यावर टेबल मांडावा, कारण त्या दिवशी खेड्यातला आणि तालुक्यातला माणूस एकाच ठिकाणी असतो. सुनांची नावे इकडून तिकडे करण्यासाठी तहसीलच्या पुरवठा शाखेने महिन्यातून एक दिवस ठरवून द्यावा आणि शेजारच्या तहसीलशी ते काम परस्पर करून घ्यावे. सातबारा मोबाइलवर येतो, तर नाव कमी केल्याचा दाखला का येऊ नये? पुढची ग्रामसभा कधी आहे ते आपल्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर पाहा, आणि त्या दिवशी आपले रेशनकार्ड सोबत घेऊन जा.