आधी शब्द, मग प्रवेश

गडचिरोली जिल्ह्यात सूरजागडचे लोहखनिज काढणाऱ्या लॉइड्स मेटल्स कंपनीने तिथल्या काही विद्यार्थ्यांना खाणकाम आणि अभियांत्रिकी शिकण्यासाठी शिष्यवृत्ती देऊन ऑस्ट्रेलियातल्या कर्टिन विद्यापीठात पाठवले. सोन्याच्या खाणींसाठी नावाजलेल्या कालगुर्लीचे १९०२ सालचे खाणविद्यालय आज याच विद्यापीठाचा भाग आहे. जंगलपट्ट्यातली मुले इतक्या दूर शिकायला गेली याचे कौतुक झाले, आणि ते व्हायलाच हवे. मला मात्र त्या बातमीत दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. त्या मुलांनी उंबरठा ओलांडला, तेव्हा खर्च कोण उचलणार हे ठरलेले होते. शब्द आधी मिळाला, प्रवेश नंतर झाला. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या मुलाच्या वाट्याला नेमके याच्या उलटे येते. आपल्याकडे शिष्यवृत्त्यांचा तुटवडा आहे असे मी म्हणणार नाही. त्या चुकीच्या वेळी येतात, आणि म्हणून मुलाने काय शिकायचे या निर्णयात त्यांचा काहीच हात राहत नाही, हे माझे म्हणणे आहे.

बारावी होऊन सीईटी किंवा जेईई दिलेल्या मुलाच्या घरातले जून-जुलै डोळ्यांसमोर आणा. पेरणी झालेली असते किंवा दुबार पेरणीचे सावट असते. हातातला पैसा बियाण्यात आणि खतात गेलेला असतो. सोयाबीन घरात यायला ऑक्टोबर उजाडतो, कापूस त्याच्याही पुढे. त्याच दिवसांत विकल्प अर्ज भरायचा असतो: कोणते महाविद्यालय, कोणती शाखा, कोणता क्रम. शिष्यवृत्तीचा महाडीबीटीवरचा अर्ज यानंतर येतो. प्रवेश झाला, बोनाफाईड मिळाले, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातवैधता, आधारला जोडलेले खाते असे सगळे जुळले की महाविद्यालयाची तपासणी, मग विभागाची, मग हप्ता. फीची सवलत बहुतेकांना ठाऊक असते. पण खोलीचे डिपॉझिट, मेसचा महिना, पुस्तके, ड्रॉइंगचे साहित्य हे पहिल्या आठवड्यातच रोख द्यावे लागते. बापाला माहीत असते ते एवढेच की पैसे ‘येतील’. कधी आणि किती, हे लिहिलेला एकही कागद त्याच्या हातात नसतो. मग तो मुलाला नांदेडच्या किंवा परभणीच्या पलीकडे पाठवायचा विचार सोडून देतो. हा त्याचा भित्रेपणा नव्हे. सावकाराच्या दारात उभे राहायचे नाही, एवढा साधा हिशेब त्यामागे असतो.

सरकारला हे कळत नाही असेही नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. पुढे इतर मागासवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली, तिच्यात जिल्ह्याला ६०० विद्यार्थी धरले आहेत. नागपूर-पुण्यासारख्या शहरात राहणाऱ्याला या योजनांतून वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत निर्वाहाचा पैसा मिळू शकतो. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास घरांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. ही मोठी पावले आहेत. पण हा पैसाही प्रवेशानंतर अर्ज करणाऱ्यालाच मिळतो. ज्याने खर्चाच्या धास्तीने लांबचे महाविद्यालय विकल्प अर्जातच घातले नाही, त्याच्यापर्यंत तो पोहोचत नाही, आणि अशा मुलाची नोंद कुठल्याच तक्त्यात होत नाही.

खाणकामाच्या शाखेकडे पाहिले की हे फार स्पष्ट दिसते. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेत, म्हणजे १९६० साली सुरू झालेल्या जुन्या व्हीआरसीईत, खाण अभियांत्रिकीची पदवी मिळते. तिथल्या निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांसाठी असतात. अशा एनआयटींत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्क नाही. इतरांपैकी घरचे उत्पन्न लाखाच्या आत असेल तर ते पूर्ण माफ, पाच लाखांच्या आत असेल तर दोन तृतीयांश माफ. वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मॉइल या कोळशाच्या आणि मँगनीजच्या दोन्ही सरकारी कंपन्यांची मुख्यालये नागपुरातच आहेत. कायद्यानुसार प्रत्येक खाणीला ठरावीक पात्रतेचा व्यवस्थापक असावाच लागतो. ही जागा कंपनीच्या मर्जीवर सोडलेली नाही, कायद्याने बांधलेली आहे. आणि पूर्णा जंक्शनवरून जाणारी नंदीग्राम एक्स्प्रेस किनवट-आदिलाबाद ओलांडून थेट वणी-चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात उतरवते. इतके सगळे असूनही आपल्याकडच्या घरांत शाखेची चर्चा संगणक, सिव्हिल आणि मेकॅनिकल यांपुढे क्वचितच सरकते. जे परवडेल की नाही याची खात्री नाही, त्याची चौकशीही कोणी करत नाही.

शिष्यवृत्ती कशी द्यावी याचा धडा आपल्याकडे शंभर वर्षांपेक्षा जुना आहे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती दिली, ती महिन्याला साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांसाठी. रक्कम ठरलेली, मुदत ठरलेली, परत येऊन दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याची अटही ठरलेली, आणि हा करार जहाजात बसण्याआधी झालेला. त्याच कथेचा पुढचा भागही विसरता येत नाही. १९१७ साली ते अट पाळायला बडोद्याला आले, तेव्हा जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळाली नाही आणि शहर सोडावे लागले. पदवी होती, नोकरी होती, खोली नव्हती. शिक्षणाच्या खर्चात खोली आणि ताट यांना दुय्यम मानणाऱ्यांनी एवढा एक प्रसंग लक्षात ठेवावा.

खाणकाम शिकण्याच्या या सूचनेवर पहिली हरकत येईल ती अशी की परभणी जिल्ह्यात गोदावरीची वाळू आणि खडीचे क्रशर सोडले तर खाण कुठे आहे? पण सॉफ्टवेअर कंपन्याही ताडकळसमध्ये नाहीत, म्हणून कोणी मुलाला संगणक शिकू नको म्हणत नाही. शिवाय खाण अभियंता म्हणजे केवळ कोळसा काढणारा नव्हे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरीजवळचा सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आपल्या काळ्या मातीखाली जो बेसाल्ट आहे तसल्याच खडकातून गेला आहे. सुरुंग किती खोल भरायचा, छत कसे धरून ठेवायचे, पाणी कुठून झिरपेल, हे या शाखेचेच ज्ञान. मुलींचे काय, असे विचारणाऱ्यांना नागपूरचेच उदाहरण आहे. चंद्राणी प्रसाद वर्मा यांना नव्वदच्या दशकात या शाखेच्या प्रवेशासाठी उच्च न्यायालयात जावे लागले. १९९९ साली त्या पदवीधर झाल्या आणि पुढे केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ म्हणून रुजू झाल्या. २०१९ साली तांत्रिक आणि देखरेखीच्या कामासाठी स्त्रियांना दिवसा भूमिगत खाणीत उतरण्याची परवानगीही मिळाली.

दुसरी हरकत जास्त गंभीर आहे, आणि ती मला मान्य आहे. खाणीने जंगल जाते, पाणी गढूळ होते, गावे उठतात. सूरजागडला स्थानिक आदिवासींचा मोठा विरोध झाला. अशा ठिकाणी कंपनीने मुलांना शिष्यवृत्ती दिली की गावाचे तोंड बंद करायला दिली, ही शंका येणारच. म्हणूनच हे काम कंपनीच्या औदार्यावर सोडता कामा नये. खाण व खनिज कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान कायद्याने आले. जुन्या पट्टेदारांनी रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावाने पट्टा घेणाऱ्यांनी १० टक्के रक्कम त्यात भरायची असते, आणि शिक्षण हे त्याच्या प्राधान्याच्या खर्चांत आहे. या निधीवर बाधित गावांचा पहिला हक्क आहे, त्यातून परभणीने वाटा मागावा असे मी म्हणत नाही. पण दान आणि हक्क यांतला फरक त्यातून कळतो. हक्काच्या पैशावर शिकलेला अभियंता खाणीतल्या धोक्याबद्दल, बंद पडलेल्या खड्ड्याबद्दल बोलू शकतो. उपकाराखाली दबलेल्याला ते जड जाते. आणि खाणींना विरोध करणाऱ्या गावांनाही आपल्या बाजूने नकाशा वाचणारा माणूस लागतोच.

तिसरी हरकत कचेरीतून येईल: प्रवेश व्हायच्या आत पैसे दिले आणि मुलाने प्रवेशच घेतला नाही तर? पैसे आधी द्या असे कोणी म्हणत नाही. शब्द लेखी द्या. मुलाचे उत्पन्न, प्रवर्ग आणि बारावीचा निकाल या तीन गोष्टी विकल्प अर्जाच्या आधीच सरकारकडे असतात. ‘नागपुरात प्रवेश घेतलास तर तुला वर्षाला इतका निर्वाह भत्ता मिळेल, पहिला हप्ता प्रवेशाच्या महिन्यात’ असे एक पानी हमीपत्र त्यावरून काढता येईल. प्रवेश घेतला नाही तर ते आपोआप रद्द. यात सरकारचा रुपयाही बुडत नाही, आणि बँकेपासून नातेवाइकापर्यंत कोणापुढेही तो कागद ठेवून महिनाभराची उसनवारी मागता येते. समाजकल्याण, इतर मागास बहुजन कल्याण आणि तंत्रशिक्षण या विभागांनी मिळून हे पुढच्या प्रवेशफेरीआधी करावे. मराठवाड्याच्या आमदारांनी अधिवेशनात ही एकच मागणी लावून धरावी.

तोपर्यंत ताडकळसच्या पालकांना एवढेच सांगणे आहे. उत्पन्नाचा दाखला एप्रिल लागताच काढा, जातवैधतेचा अर्ज मूल अकरावीत असतानाच टाका, आणि विकल्प अर्ज भरताना खर्चाच्या भीतीने कोणतेही महाविद्यालय स्वतःहून खोडू नका. नागपूरचे नाव यादीत राहू द्या.