गवती चहा लावा, पण आधी पिंप उपडं करा

आवणी उरकली, खाचरं भरली की आपल्या पनवेल तालुक्यात दोन गोष्टी हमखास वाढतात. बांधावर गवत आणि घरात डास. त्यात आता शिवाराला खेटून बांधकामं चालू. पायाच्या खड्ड्यांत पाणी साचतं ते वेगळंच. मग गावच्या बैठकीत खतांचं बोलणं संपलं की कुणीतरी विचारतोच, "साहेब, डास पळवणारं झाड कुठलं? परसात लावून टाकतो."

उत्तर देण्याआधी माझीच चूक सांगतो. मीही पडवीच्या कडेनं गवती चहा आणि तुळस लावून निश्चिंत झालो होतो. भाद्रपदात धाकट्या मुलीला डेंग्यू झाला. पाच दिवस दवाखान्यात काढले. नंतर आरोग्य सेविका पाहणीला आल्या. गवती चहाच्या ठोंबापासून पाच पावलांवर पागोळीखाली आमचं पिंप होतं, त्यात त्यांनी बॅटरी मारली. आत अळ्या वळवळत होत्या! गावाला सल्ला देणारा मी, मान खाली घालून उभा.

तेव्हा खरं काय ते समजून घ्या. सिट्रोनेला, गवती चहा, तुळस, निरगुडी यांच्या पानांत उग्र वासाचं तेल असतं आणि तो वास डासांना नकोसा होतो, हे खोटं नाही. पण ते तेल पानात कोंडलेलं असतं. पान चुरगळलं किंवा तेल काढलं तरच वास सुटतो. नुसतं उभं झाड डास हाकलत नाही. रोपवाटिकांत 'मच्छर झाड' म्हणून जिरॅनियमच्या जातीचं एक रोप विकतात. त्याची कॅनडात चाचणी झाली आणि १९९६ साली निष्कर्ष छापून आला. रोपापाशी बसलेल्यांनाही डास चावायचे ते चावलेच.

तेलाची गोष्ट निराळी. दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये खोबरेल तेलात २ टक्के कडुनिंबाचं तेल मिसळून अंगाला लावून पाहिलं, तेव्हा हिवतापाच्या डासांपासून रात्रभर चांगला बचाव झाला. सिट्रोनेला तेलाचा असर मात्र तास-दोन तासांत उतरतो. कुठलंही तेल निव्वळ अंगाला चोळू नका, कातडी भाजते. आणि डेंग्यूचा डास दिवसा चावतो, हेही ध्यानात ठेवा.

मग लावूच नये का? लावा की! आपली वरकस, मुरमाड जमीन या गवताला चालते, पाणी तेवढं साचता कामा नये. पावसाच्या सुरुवातीला ठोंबं फोडून दोन-दोन फुटांवर लावा. पहिली कापणी पाच-सहा महिन्यांनी, पुढे दर तीनेक महिन्यांनी, आणि लागवड चार-पाच वर्षं टिकते. पण शंभर किलो पाल्यातून तेल निघतं जेमतेम किलोच्या आतबाहेर. जवळपास तेल काढायचा संच आणि बांधलेलं गिऱ्हाईक नसेल, तर एकरभर लावायचा मोह करू नका. आधी बांधावर चार ओळी लावून बघा.

आता सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींना विनंती. रोपं वाटून फोटो काढणं सोपं आहे, गटार वाहतं करणं अवघड. पण डास मरतो तो गटार वाहतं झाल्यावरच. आपल्या हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यात एक वार कोरडा पाळायचा ठराव करा. त्या दिवशी पिंप, रांजण, गुरांची डोण घासून उपडी घालायची. जुने टायर, करवंट्या उचलायच्या. विहिरीत आणि उपसता न येणाऱ्या टाक्यांत गप्पी मासे सोडायचे. बांधकामवाल्यालाही नोटीस द्या, कचरू नका. आणि ताप आला तर काढ्यावर न थांबता रक्त तपासून घ्या.

आमच्या पडवीला गवती चहा अजून आहे. सकाळी त्याचाच चहा होतो. पण दर शनिवारी आधी पिंप उपडं होतं, मग चहाचं आधण चढतं.